एका हाताचं मीठ

गेल्या वर्षापासून वस्तीतले लोक आमच्या आक्काला मायाळू म्हणायला लागलेत, आणि मला त्याचा भयंकर राग येतो. मायाळू म्हणे! अहो, लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या नाताळात माझ्या करंज्यांची मुरड तेलात सुटली म्हणून या बाईनं मला सगळ्या भावकीसमोर रडवलं होतं. "ही करंजी हाय का फाटकी पिशवी?" असं म्हणून तिनं ती करंजी मुद्दाम सासऱ्यांच्या ताटात वाढली. त्या दिवसापासून आमचं भांडण सुरू झालं. तोंडावर मी तिला "तुमी" म्हणते आणि माघारी "ती". तिला ते माहीत आहे.

आक्का म्हणजे छबूबाई, माझी थोरली जाऊ. मी राहीबाई. दोन भावांची दोन घरं आणि मध्ये एकच अंगण, नेवाशाच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. आमची नावं ऐकून पाहुणे बुचकळ्यात पडतात. सासूबाई चांगुणाबाई, थोरले दीर कोंडीराम, माझा नवरा अंगद. पण घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. नावं गावाची राहिली, भाकरी गावाची राहिली, फक्त रविवारी आम्ही चर्चला जातो आणि एकमेकांना भेटलो की "सलाम" म्हणतो. आणि वर्षातून एकदा आमच्याकडे नाताळ येतो. तो आक्का आणायची.

आणायची म्हणजे खरंच आणायची. कोंडीरामभाऊजी शुगर फॅक्टरीत फिटर होते, नाताळ म्हणजे ऐन गळिताचा हंगाम, त्यांना रजा मिळायची मारामार. सासूबाई थकलेल्या. तेव्हा सगळा कारभार आक्कानं उचलला आणि मग कुणाला हात लावू दिला नाही. तिचा नाताळ दिवाळीतच सुरू व्हायचा. शेजारच्या मुक्ताबाईकडून दिवाळीच्या फराळाचं ताट आलं की आक्का ते उघडून न्याहाळायची. चकली किती वळणांची, अनारसे जाळीदार आहेत की नाहीत, लाडू रव्याचे की बेसनाचे. त्यांच्याकडून जे आलं ते आपल्याकडून परत जायचं नाही, हा तिचा नियम. त्यांनी चकली दिली तर आपण करंजी आणि खोबऱ्याच्या वड्या द्यायच्या. "त्येंच्या चकलीपुढं आपली चकली ठेवायची म्हंजे परीक्षेला बसल्यावानी," असं म्हणायची.

आणि हे सगळं डोक्यात. कधी एका कागदावर तिनं काही मांडलं नाही. चौथी शिकलेली बाई, पण कोणत्या आठवड्यात भाजणी भाजायची, खवा नगरहून कधी मागवायचा, शंकरपाळे आधी की शेव आधी, बोकड घोडेगावच्या बाजारातून कुणी आणायचा, सगळं बसल्या जागी सांगायची. कुणाला शुगर आहे, कुणाला वांग्याची ॲलर्जी आहे, कुठल्या सुनेचं माहेरच्यांशी वाजलंय म्हणून तिला कुणाजवळ बसवायचं नाही, इथपर्यंत. नाताळ सोमवारी किंवा गुरुवारी आला की शेजारचे मटण खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी येसर आमटी, भाजलेल्या धान्याच्या पिठाची. ती किती लागेल हेही तिला माणसागणिक ठाऊक. एक वाटी जास्त नाही, एक वाटी कमी नाही. मला तिचा कधीच हेवा वाटला नाही असं म्हणाले तर देव मला माफ करणार नाही.

आता मिठाचं सांगते, कारण सगळं त्यावर येऊन थांबलं.

सासूबाईंच्या तरुणपणी एका नाताळात तीन सुनांनी तीन वेळा मटणात मीठ घातलं. प्रत्येकीला वाटलं, दुसरी विसरली. सगळं भगुनं ओढ्यात ओतावं लागलं आणि पाहुण्यांना चटणीभाकरी वाढली. तेव्हा त्यांच्या सासूनं नियम घातला की नाताळच्या मटणात मीठ एकाच हाताचं. एकीनं घालायचं, बोलणीही तिनंच खायची. दुसरीनं चिमूटभरही टाकायचं नाही. मीठ मुठीत घेऊन आधी प्रार्थना करायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे, आमेन म्हणायचं आणि मग मूठ भगुन्यात सोडायची. आणि जेवणाआधीची प्रार्थना होईपर्यंत कुणी ते मटण चाखायचं नाही. पंगतीत मिठाचं भांडं फिरत नाही. जसं झालं तसं खायचं आणि वर तोंडानं सांगायचं.

सासूबाईंनी हा मान आक्काला दिला. आणि तोंडानं सांगायचं काम मी माझ्याकडे घेतलं. दर नाताळी पहिला घास गिळला की मी म्हणणार, "आक्का, यंदा मीठ चढलंय." किंवा, "आक्का, यंदा हात आखडला का?" मग ती पळी घेऊन उठणार. "तुजी जीभ बधीर झालीया, राहे! तुज्या माहेरी मीठ माहीत हुतं का?" माझं माहेर काढलं की मी तिचं काढणार. पोरं हसायची, अंगद म्हणायचा, "झालं, आला बरं का नाताळ." खरं सांगू का, मीठ कधीच चुकलेलं नसायचं. एकदाही नाही. पण भांडल्याशिवाय आम्हाला दोघींना जेवण जायचं नाही.

कोंडीरामभाऊजी गेले, सासूबाई गेल्या. आक्काचा एकुलता एक मुलगा सचिन चिंचवडला कंपनीत लागला, तिथंच त्यानं फ्लॅट घेतला. त्याची बायको मोनिका शाळेत शिकवते, मुलगी सायली सातवीत. आक्का मात्र गावातच. "चार भिंतीच्या वर चार भिंती, तितं मी काय करू? झाडून कुटं टाकायचं ते बी कळत न्हाई," असं म्हणून ती पुण्याहून आठवड्यात परत यायची.

मग गेल्या वर्षी काहीतरी बिनसायला लागलं. आधी मला वाटलं, मुद्दाम करतेय. एकच गोष्ट दोनदा विचारायची. चुलीवर दूध ठेवून अंगणात येऊन बसायची. एकदा सकाळी माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "राहे, ह्यांनी भाकरी खाल्ली का गं?" ह्यांनी म्हणजे कोंडीरामभाऊजींनी. मी म्हणाले, "आक्का, सकाळी सकाळी चेष्टा करता व्हय?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. ती इतकी शरमली की दोन दिवस माझ्या ओसरीवर फिरकली नाही. त्या दिवशी मी आत जाऊन रडले. चिडले पण. कुणावर चिडायचं ते कळत नव्हतं.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी थोडा आळा बसेल. आक्का डॉक्टरांना म्हणाली, "वाढू दे. मला बी कुटं लई दिस काडायचेत." डॉक्टर हसले. सचिन हसला नाही.

दिवाळीत तिनं गॅस उघडा ठेवला. मुक्ताबाई फराळाचं ताट घेऊन आली नसती तर काय झालं असतं, त्याचा विचार मी करत नाही. वास आला म्हणून तिनं खिडक्या उघडल्या आणि मला हाक मारली. आक्का आतल्या खोलीत शांतपणे लसूण सोलत बसली होती.

सचिन दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन हजर झाला. अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, "आई, कपडे भर. आता मी ऐकणार नाही."

आक्का उंबऱ्यावर बसली. "मी न्हाई येनार."

"का नाही? इथं तुला काही झालं तर?"

"झालं तर झालं. माजं घर हाय, माजी चूल हाय. तितं मला कोन चूल देनार? मोनिका मला चहा सुदा करू देत न्हाई."

मोनिका वाईट मुलगी नाही. भीतीनं करू देत नाही. पण आक्काचं म्हणणं खोटं नव्हतं. सचिन माझ्याकडे वळला. "काकी, तुम्ही तरी सांगा." मी काय सांगणार? मी म्हणाले, "माझ्याच्यानं न्हाई बाबा. तुझी आई हाय, तूच सांग."

मग आक्कानंच तोडगा काढला. ती त्या दिवशी अगदी पूर्वीसारखी होती. ताठ बसली होती, पदर खांद्यावर, आवाज खणखणीत. "सच्या, नाताळ होऊ दे. नाताळचं समदं मी करनार, फराळ, मटान, सगळं. कुनाला न इचारता. नीट पार पडलं तर मी हितंच ऱ्हानार आन् तू परत इषय काडायचा न्हाई. चुकलं तर तुज्या गाडीत बसते. आपनहून."

सचिन गाडीला टेकला. त्याला आईला नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणवत नव्हतं. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण काकींनी जवळ राहायचं."

"ती हायच की जवळ. मरंपर्यंत माज्या डोक्यावर बसलीया," आक्का म्हणाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

डिसेंबर उजाडला तशी मी तिच्या चुलीवर डोळा ठेवून राहिले. पण काय सांगायचं, तिच्या हातांना सगळं आठवत होतं. डोकं कधी कधी कुठंतरी निघून जायचं, पण हात घरीच असायचे. भाजणी तिनं अशी भाजली की मुक्ताबाई कुंपणावरून विचारत आली. करंज्यांच्या वेळी मी शेजारी बसून पुऱ्या लाटत होते. ती सारण भरत होती, कडा दाबत होती, मुरड घालत होती, एकसारखी, बोटांकडे न बघता. मध्येच तिनं विचारलं, "आज कोनता वार?" मी सांगितलं. थोड्या वेळानं परत विचारलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज चढला, "आक्का, किती येळा सांगू?" पण तिची मुरड तुटली नाही. एकाही करंजीची मुरड तेलात सुटली नाही. माझ्या दोन सुटल्या. तिनं त्या झाऱ्यानं बाजूला काढल्या आणि काहीच बोलली नाही. तेव्हाच मला कसंतरी वाटलं होतं.

या वेळी नाताळ गुरुवारी होता. ते तिनं मला सांगितलं, मी तिला नाही. "गुरुवार हाय. मुक्ताबाईचं घर आन् त्येंच्याकडं आलेले पावने. येसर आमटी करायची. पन तू कर, मला मटान बघायचंय." माणसं मोजून तिनं भांडंही काढून दिलं. "ह्या भांड्याच्या कडंपतोर. जास्ती नको." मी सुटकेचा श्वास सोडला. जिला वार आठवत नाही तिला वाराप्रमाणे कुणाला काय वाढायचं ते आठवतंय. मला वाटलं, आक्का जिंकणार. खरंच वाटलं.

पंचवीसला सकाळी उपासना झाली. सचिन, मोनिका, सायली आदल्या दिवशीच आले होते. चर्चमधून परत आलो तेव्हा अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर मटण अर्धवट शिजत आलं होतं. अंगद जाळ बघत मागे थांबला होता. हवेत गारठा होता आणि भगुन्यातून येणारा वास सगळ्या वस्तीवर पसरला होता. मिठाची वेळ झाली. आक्कानं बरणी मागवली. सगळे भगुन्याभोवती उभे राहिले. तिनं मूठ भरली. तिची मूठ म्हणजे माप. कमी नाही, जास्त नाही. आम्ही डोळे मिटले.

आक्काची प्रार्थना नेहमी छोटी असायची. अन्न दिलंस, माणसं दिलीस, चव तूच दे, आमेन. या वेळी ती लांबली. तिनं गेलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. सासऱ्यांचं घेतलं, सासूबाईंचं घेतलं. मग म्हणाली, "आन् देवा, आमचे..." आणि थांबली. मला कळलं, तिला नवऱ्याचं नाव येत नाहीये. आमच्यात जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून थांबली असं कुणाला वाटेल, पण प्रार्थनेत ती कायम घ्यायची. कोंडीराम, अगदी स्पष्ट. भगुनं रटरटत होतं. ती पुन्हा म्हणाली, "आमचे..." आणि तिचा आवाज बारीक झाला. मला ते ऐकवेना. कुणालाच ऐकवेना. मोनिकाचा हुंदका मला ऐकू आला. तेवढ्यात अंगद मोठ्यानं म्हणाला, "आमेन." त्यानं तिला वाचवायला म्हटलं. आम्ही सगळे एका आवाजात म्हणालो, "आमेन."

मी डोळे उघडले तेव्हा आक्का हात झटकत होती. मूठ रिकामी होती. बरणीचं झाकण सचिननं लावलं आणि बरणी घरात नेली. आता मला वाटतं, अंगदचं आमेन ऐकून ती गोंधळली आणि आम्ही डोळे उघडायच्या आत तिनं मीठ परत बरणीतच सोडलं असणार. पण बघितलं कुणी? सगळ्यांचे डोळे मिटलेले. प्रार्थनेत डोळे उघडून बघणारं आमच्या घरात कुणी जन्मालाच आलं नाही.

पहिली पंगत बसली. पुरुष, मुलं, पाहुणे. मुक्ताबाई आणि तिच्याकडचे एका बाजूला, त्यांच्यापुढे आमटी, भात, भाकरी. आक्का भगुन्याजवळ पाटावर बसून स्वतः वाढून देत होती, आणि मी व मोनिका ताटं फिरवत होतो. जेवणाची प्रार्थना झाली. सगळ्यांनी पहिला घास घेतला.

मी अंगदकडे बघत होते. माझा नवरा, बीपीचा पेशंट, त्याला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय आणि तो रोज लपूनछपून लोणचं खातो. त्यानं घास घेतला आणि चावायचं थांबला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हाड लागलं. मग सचिननं घास घेतला, मान खाली घातली आणि खालीच ठेवली. मी मोनिकाच्या हातातल्या वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. अळणी! पार पाण्यासारखं अळणी. मसाला, खोबरं, तिखट, सगळं जागच्या जागी, आणि मीठ नाही.

सायली लहान, ती बोलली, "आजी, यात..." एवढंच. मोनिकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. सायली आईकडे बघून, मग आजीकडे बघून म्हणाली, "आजी, यात बटाटा असता तर मला अजून आवडलं असतं. एक नंबर झालंय."

"मटनात बटाटा? पुन्याची फ्याशन!" आक्का भगुन्यापाशी बसून हसली. किती दिवसांनी हसली असेल!

मग सगळेच सुरू झाले. अंगद म्हणाला, "वैनी, झकास." त्याचे मित्र म्हणाले, "दरवर्षीपेक्षा भारी." सचिनची मान अजून खालीच. तो खात होता. घासामागून घास, जणू कुणी त्याला शिक्षा दिलीय. मग त्यानं मान वर केली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, छान झालंय. तू इथंच राहा. मी परत विषय काढणार नाही." त्याचे डोळे भरलेले होते. आक्कानं पदर तोंडाला लावला. पोरगं हरलं आणि खूश झालं, असं तिला वाटलं असणार.

मी काय करू? मी घरात धावले, बरणीतून मीठ घेतलं आणि पदराआड मूठ लपवून भगुन्यापाशी आले. दुसरी पंगत बायकांची, निदान ती तरी नीट व्हावी. म्हणाले, "आक्का, तुमी आत जाऊन जरा टेका. मी वाढते."

"पाटावरनं मला उटवायला तू कोन?"

"दमला असाल म्हनून म्हनलं."

"मी दमले का तू माज्या भगुन्यावर टपलीस?" ती म्हणाली, लाडात. मी तिथंच घुटमळले. मिठाला घामानं पाणी सुटलं. शेवटी मोरीवर जाऊन हात धुतले.

इकडे पंगतीत दुसरंच चाललं होतं. कुणीतरी हळूच मोनिकाला म्हणालं, "जरा आमटी वाढ गं भातावर." मग दुसऱ्यानं मागितली. मग तिसऱ्यानं. आमटीत मीठ होतं, मी घातलेलं. लोक अळणी मटणाच्या रश्श्यात आमटी कालवून खात होते. मुक्ताबाईला काही समजेना, ती आपली म्हणत होती, "अगं बाई, आज समद्यांचाच गुरुवार हाय का?" मोनिका वाढत गेली. भली पोरगी, तिला काय ठाऊक त्या भांड्याचा हिशेब.

बायकांची पंगत उठली. शेवटी आम्ही दोघी राहिलो, नेहमीसारख्या. आक्कानं स्वतःचं ताट वाढून घेतलं, माझं वाढलं आणि सवयीनं आमटीच्या भांड्याचं झाकण काढलं, उरलेली मुक्ताबाईच्या घरी सकाळसाठी द्यायला. तिच्या हिशेबात ती थोडी धरलेलीच असायची. भांडं कोरडं होतं.

ती भांड्यात बघत राहिली. "आमटी कुटं गेली?"

"संपली," मी म्हणाले.

"संपली कशी? गुरुवारवाले तेवडेच हुते."

"खाल्ली असंल कुनीतरी जास्ती."

"मटान असताना आमटी कोन खातंय, राहे?"

मी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. तिनं झाकण लावलं, ताटाशी बसली, भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. मी तिच्याकडे न बघता जेवायला लागले. मटामट खात होते, जणू मला काहीच कळत नाही. ती सावकाश चावत होती. दुसरा घास घेतला. तिसरा. मला वाटलं, कदाचित हेही तिला कळणार नाही, आजारानं जीभही नेली असेल. देवा, मी तशी प्रार्थना केली. खरंच केली.

तिनं ताट पूर्ण संपवलं. एक शीत टाकलं नाही. मग हात धुवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. सचिन खाटेवर बसला होता, सायली त्याच्या मांडीला टेकलेली.

"सच्या, गाडी सकाळी लवकर काड," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत निगू."

"कुठं? आई, मी म्हणालो ना, तू इथंच राहा."

"मीठ न्हवतं."

मोनिका दारात येऊन उभी राहिली.

"तसं काही नाही आई," सचिन म्हणाला. "थोडं कमी होतं, एवढंच. होतं कधी कधी. कुणालाही होतं."

"मला न्हाई झालं कदी." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "आन् झालं असतं तर तुमी बोलला असता. तुजा बाप बोलला असता. सासू बोलली असती. समद्यांनी गोड गोड म्हनत खाल्लं. माज्या नातीनं सुदा." मग ती माझ्याकडे वळली. "तू बी गप बसलीस, राहे."

ते मला सहन झालं नाही. मी उठले. ताट तसंच सोडलं, उष्टा हात तसाच. म्हणाले, "हो, नव्हतं मीठ! नव्हतंच! अळणी केलंत तुमी! एवड्या वरसांची अक्कल कुटं गेली तुमची? पाव्हन्यांसमोर नाक कापलंत आमचं! मूठ भरून मीठ घेता आन् कुटं टाकता? माज्या माहेरी असं केलं असतं तर भगुनं डोक्यावर घातलं असतं!" मी ओरडत होते. अंगद म्हणाला, "अगं, काय करतेस?" मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मला पाहिजे होतं की तिनं पळी उचलावी, माझं माहेर काढावं, माझी बधीर जीभ काढावी, माझ्या फुटलेल्या करंज्या काढाव्यात, काहीही काढावं आणि पुन्हा उंबऱ्यावर ताठ बसावं. मी ओरडता ओरडता रडायला लागले आणि तरी ओरडतच राहिले. "बोला की! आता का गप? बोला!"

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. एका शब्दानं उलटून बोलली नाही.

"खरं हाय गं, राहे," ती म्हणाली. "तुजं खरं हाय."

आमच्या सगळ्या जन्मात ती मला पहिल्यांदा असं म्हणाली. मग ती आत गेली आणि लुगडी बांधायला लागली.